मनोरा आणि सपाट बुटांची शोकेस

आमच्या दुकानात काचेमागचे पुतळे सजवणारा एक गृहस्थ होता. माघारी त्याला सगळे मनोरा म्हणत. समोर कोणी काही म्हणत नसे, कारण समोर गेलं की तो बोलायचा, आणि तो बोलायला लागला की दुसऱ्याच्या तोंडाला कामच उरत नसे. "मी कपडे लावत नाही, मी नजर लावतो," असं तो सेल्सवाल्या नव्या पोरींना सांगायचा. पोरी माना डोलवायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत त्याची नक्कल करायच्या. मान वर, हनुवटी पुढे, आणि चाल अशी की खाली कोणी अंडी पसरून ठेवली असावीत.

ती चाल कुठून आली, हे दुकानात फक्त मला ठाऊक होतं. मी त्याच दुकानात मागच्या खोलीत मशीनवर बसायचो. गिऱ्हाइकाने घेतलेली पँट आखूड करायची, सदरा कमरेत घ्यायचा, झग्याची चेन बदलायची. अशा खोलीत बसणाऱ्याला लोकांची अर्धी गुपितं आपोआप कळतात. कोणाचं पोट सुटलंय आणि कोण ते कबूल करत नाही, कोणत्या बाईने नवऱ्याचा जुना कोट भावाला दिला, सगळं. मी ती कधी पोटात ठेवली नाहीत. ठेवून करायचं काय? एकच बावीस वर्षं सांभाळलं, ते मनोऱ्याचं. चांगुलपणाने नव्हे हो. चांगली गोळी कशी आपण दाढेखाली धरून ठेवतो, चावत नाही, तसं.

तर त्याच्या पँटचं माप घेताना तो कधी बूट काढायचा नाही. टेप जमिनीला टेकली की म्हणायचा, "मास्तर, दोन इंच सोडा. मला पँट पडती आवडते." पडती! एकदा बुटाच्या शिवणीला टाका घालायला म्हणून त्याने जोड माझ्याकडे टाकला आणि स्वतः चपला घालून वरच्या मजल्यावर दडून बसला. मी बुटात हात घातला. नको होता घालायला, पण हात माझा आहे, त्याचा स्वभाव मला माहीत आहे. आत टाचेखाली लाकडाची पाचर. वर मऊ चामडं ताणून बसवलेलं, कडा घासून गुळगुळीत. काम सुबक होतं, ते मी नाकारत नाही. माणूस पाच फूट दीड इंच, पाचरीवर चढला की पाच फूट साडेतीन. म्हणजे चढूनसुद्धा कोणाच्या डोळ्यांत भरेल असं काही नव्हतं. जगात कोणाला त्याच्या त्या दोन इंचांचं काही पडलेलं नव्हतं. पण त्याने अख्खं आयुष्य त्यांच्यावर उभं केलं होतं.

बायको मात्र उंच. चांगली हातभर नाही, पण डोक्याने वर. लग्न ठरलं तेव्हा याने एकच अट घातली होती, की मुलीने उंच टाच घालायची नाही. हुंडा मागणारे मागतात, याने टाच मागितली. ती बिचारी दवाखान्यात केसपेपर लिहायला जायची, रोज पाऊण तास चालत, आणि सव्वीस वर्षं सपाट चपला नि सपाट बूट घालून. त्यात तिने इतकं काही साधलं होतं की आमच्या दुकानातल्या पोरी तिला बघायला दाराशी यायच्या. मी तिला वहिनी म्हणायचो. तिची पँट नेहमी घोट्याच्या हाडाच्या दोन बोटं वर संपायची. जाकीट कमरेशी थांबायचं, म्हणजे पाय खालून लांब दिसायचे. घेरदार स्कर्ट असला तर खाली जाड तळाचा कॅनव्हासचा बूट, अरुंद झगा असला तर पट्ट्यांची पातळ चप्पल. तिला कोणी शिकवलं नव्हतं. ज्याला जे एकच मिळतं, तो त्यातच वाकबगार होतो.

आणि हा दीडशहाणा शोकेसमधल्या बायकांना बारा महिने उंच टाचांवर उभं करायचा. सपाट बूट घातलेली बाई त्याच्या लेखी बाईच नव्हती. "ती चालायला निघालीय मास्तर, दिसायला नव्हे," असं तो तोंड वाकडं करून सांगायचा. घरी एक तशीच रोज चालत जात होती आणि याच्यापेक्षा शंभरपट बरी दिसत होती, हे त्याच्या नजरेला कधी लागलं नाही. नजर लावणारा माणूस ना!

असं चाललं होतं. मग मालकांनी धंदा धाकट्या सूनबाईंकडे दिला. सूनबाई म्हणजे बोलायला गोड आणि ऐकायला कठीण. पहिल्याच आठवड्यात त्या शोकेससमोर रस्त्यावर अर्धा तास उभ्या राहिल्या, आत आल्या आणि मनोऱ्याला म्हणाल्या,

"काका, या पुतळ्या निघाल्यात कुठे?"

"निघाल्यात? त्या कुठे निघत नसतात. त्या असतात."

"तेच म्हणते मी. आपल्या गिऱ्हाइक बायका महिन्यातून एकदा तरी सकाळच्या बसने शहरात जातात. दिवसभर फिरतात, खरेदी, प्रदर्शन, नातेवाईक, आणि संध्याकाळी पायाला फोड घेऊन येतात. त्यांच्यासाठी काहीतरी लावा. 'शहरात एक दिवस.' पाच जोड कपडे, पाचही सपाट बुटांवर."

"सपाट?" मनोऱ्याचा चेहरा असा झाला की त्याला कोणी अनवाणी वरातीत नाचायला सांगितलं असावं.

"सपाट. पंधरा दिवसांत. तुम्हाला जमत नसेल तर मोकळेपणी सांगा, शहरातली एक कंपनी येऊन लावून जाते म्हणाली. कायमचीच."

आता गंमत बघा. त्या शोकेसखेरीज या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. शिवता येत नव्हतं, विकता येत नव्हतं, आणि बावन्नाव्या वर्षी त्याला दुसरीकडे कोण घेणार होतं? काच गेली तर मनोरा गेला. त्याने छाती पुढे काढून सांगितलं, "मी आधी अभ्यासदौरा करतो." अभ्यासदौरा म्हणजे रविवारची बस आणि बायकोच्या पिशवीतला डबा.

पुढचं सगळं मला वहिनींनी सांगितलं. त्या हसत सांगत होत्या, म्हणून मी त्याला तिखटमीठ लावलेलं नाही. अगदी थोडं लावलंय.

हा पाचर घालूनच गेला. सकाळी बसमधून उतरला तेव्हा ताठ होता. बाजारपेठेच्या टोकापर्यंत ताठ होता. मग दगडी फरशीची लांबच लांब गल्ली लागली आणि याचे पाय बोलायला लागले. दुपारपर्यंत तो दर दुकानासमोर थांबून काचेत बघायला लागला. वहिनींना वाटलं, चला, अभ्यास चाललाय. जवळ जाऊन बघतात तर हा काचेला हात टेकून टाच हवेत धरून उभा.

"अहो, काढा ना ते आतलं."

"हळू बोल!"

"इथे कोण ओळखतंय आपल्याला?"

"ओळखत नाही म्हणून तर नीट दिसायला हवं."

शेवटी बागेतल्या बाकावर तो बसला तो बसलाच. वहिनी म्हणाल्या, तुम्ही बसा, मी फिरून येते. त्या चार तास फिरल्या. संग्रहालय पाहिलं, नदीच्या पुलावरून पलीकडे जाऊन आल्या, मैत्रिणीच्या सासूला भेटल्या, दोन वार कापड घेतलं. हा बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय मोजत होता. परत आल्यावर तिनेच त्याला सांगितलं, पाचही जोड, बसल्या बसल्या, डब्यातलं खात. नवा बूट सहलीच्या दिवशी घालायचा नाही, आठवडाभर घरात वापरून मऊ करायचा. तळ अगदी कागदासारखा नको, बोटभर जाड हवा. पिशवी आडवी गळ्यात, म्हणजे हात मोकळे. कपडे दोनच रंगांत, बूट त्यातल्या एकाचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घोटा दिसला पाहिजे. "घोटा झाकला ना, की सपाट बुटात बाई खचल्यासारखी दिसते. घोटा उघडा ठेवा, मग ती निघालीय असं वाटतं."

याने वहीत सगळं उतरवून घेतलं. सोमवारी दुकानात येऊन तेच वाक्य स्वतःचं म्हणून तीन वेळा ऐकवलं. तिसऱ्यांदा तर डोळे मिटून.

मग कामाला लागला. आमच्या शोकेसच्या ओट्यावर पांढुरकं जाजम असतं. त्यावर बूट घालून चढायचं नाही, मोज्यांवर चढायचं, हा नियम सगळ्या दुकानांत असतो. म्हणूनच हा काचेला आतून जाड पडदा लावायचा आणि कोणाला आत येऊ द्यायचा नाही. लोक म्हणायचे, कलावंत आहे, एकांत लागतो. मी मशीनवर बसून दात काढायचो.

तर पडद्याआड हा मोज्यांवर चढला, पहिल्या पुतळीला सपाट बूट घालायला गेला, आणि बूट जाईना. आमच्या सगळ्या पुतळ्या चवड्यांवर उभ्या. कारखान्यातूनच तशा येतात, उंच टाचेसाठी पाऊल वाकवलेलं. सपाट बुटात चवडा बसतो आणि टाच हवेत राहते. बावीस वर्षं याने त्यांना पायातलं चढवलं होतं आणि ही गोष्ट त्याला त्या दिवशी कळली.

सरळ माणसाने सूनबाईंना जाऊन सांगितलं असतं, की बाई, पुतळ्या बदला. पण मनोऱ्याला टाच हवेत असली की एकच उपाय सुचणार. घरी जाऊन त्याने पाच जोड पाचरी तासल्या. घोट्यापर्यंत येणारे बूट निवडले, आत पाचरी घातल्या, पुतळ्या छान उभ्या राहिल्या. फक्त वरून टाच बुटाबाहेर डोकावत होती. ती झाकायला काय? लांब पँट. जमिनीला टेकेल अशी.

तो माझ्याकडे पाच पँटी घेऊन आला. "मास्तर, कमरेपासून जमिनीपर्यंत, वर दोन इंच."

मी म्हटलं, "अरे, सपाट बुटांवर ना? दोन इंच कमी म्हण. घोटा दिसला पाहिजे, हे तूच सांगत होतास."

"तुम्हाला रेषा समजत नाही मास्तर. पडती हवी."

"बाई तुडवत चालेल."

"चालणारी बाई तुडवत नाही. तुम्ही कापा."

मी कापल्या. मला काय! पण नंतर त्याने माझ्या खोलीतल्या फळ्यावरच लिहून ठेवलं, की शोकेसमधला संच जो कोणी घेईल त्याची पँट याच हिशेबाने शिवायची, 'दाखवली तशीच'. इथे मात्र मी चकित झालो. त्याला खरंच वाटत होतं की माणसाचं माप असंच असतं. स्वतः इतकी वर्षं पाचरीवर राहून याच्या डोक्यात माणसाची टाच जमिनीच्या दोन इंच वरूनच सुरू होत होती.

पडदा उघडला आणि काचेसमोर गर्दी झाली. पुतळ्या सपाट बुटात असूनही रुबाबदार दिसत होत्या. का दिसणार नाहीत, चवड्यांवर होत्या लेकी! सूनबाई खूश. मनोरा दाराशी उभा राहून शाबासकी गोळा करायचा, आणि शाबासकी देणारा वाकून बोलला तर मागे सरकायचा. एका शाळेच्या नऊ शिक्षिकांनी नऊ संच घेतले. वर्गाच्या सहलीआधी आपली एक सहल, म्हणून पुढच्या शनिवारी शहरात निघाल्या.

सोमवारी सकाळी त्या नऊही जणी दुकानात आल्या. काउंटरवर नऊ पँटी टाकल्या. प्रत्येकीची मोहरी, म्हणजे पायाची खालची कड, काळी, चार फाटलेल्या, एकीची तर सरकत्या जिन्यात अडकून वीतभर उसवलेली. त्यांच्यातल्या थोरल्या बाई चित्रकला शिकवायच्या, आवाज मात्र कवायतीचा.

"आम्ही शहर पाहायला गेलो होतो. तिथला रस्ता झाडून आलो."

"दोन्ही हातांनी पँट धरून चाललो हो दिवसभर! सामान कशाने धरणार?" दुसरी म्हणाली.

सूनबाईंनी मनोऱ्याला बोलावलं. मला मागच्या खोलीतून बोलावलं. त्याच वेळी माझ्याकडे दवाखान्याच्या कोटाची चेन बदलायला वहिनी आल्या होत्या, त्या माझ्या मागोमाग बाहेर आल्या.

"काका, हे कसं झालं?"

आणि हा माणूस, बघा हं, ज्याच्या बुटात मी बावीस वर्षं हात घालून गप्प बसलो होतो, तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मास्तरांचं वय झालंय. टेप नीट दिसत नाही."

माझ्या दाढेखालची गोळी कडकन फुटायच्या बेतात होती. पण मी मजा बघायचं ठरवलं. म्हटलं, "असेल बाई. माझी टेप जमिनीपर्यंतच जाते, फळ्यावरचे वरचे दोन इंच कोणाचे, ते एकदा शोकेसमधल्या पुतळीलाच विचारा. तिचा बूट काढून."

"त्याची काही गरज नाही!" मनोरा किंचाळला. एवढ्या बारीक आवाजात तो ओरडू शकतो हे आम्हाला नवीन होतं.

सूनबाई स्वतः चपला काढून ओट्यावर चढल्या. पुतळीच्या पायातला बूट ओढला. पाचर ओट्यावरून खाली पडून टक् वाजली आणि उडून थोरल्या बाईंच्या पायाशी गेली. त्यांनी उचलली, फिरवून पाहिली.

"काम छान आहे," त्या म्हणाल्या. शेवटी चित्रकलेच्याच बाई.

"हे काय, काका?"

"ही... आमच्या धंद्यातली पद्धत आहे. पूर्वापार."

"मला कोणी सांगितली नाही ती. इतकं नेमकं कुठे करून घेतलंत?"

मनोऱ्याने पाचर परत मागायला हात पुढे केला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "घरीच करतात. आणखी पाच जोड आहेत. ते पुतळ्यांचे नाहीत."

कोणी हसलं नाही. तेच वाईट झालं. सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली, त्याच्या बुटांपर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. नऊ शिक्षिका, चार सेल्सवाल्या पोरी, सूनबाई आणि मी. मी तर ठरवून थांबलो.

सूनबाईंनी नऊ पँटी नव्याने शिवून द्यायचं कबूल केलं आणि शिक्षिकांना चहा पाजून वाटेला लावलं. मग मनोऱ्याला म्हणाल्या, "शोकेस पुन्हा लावायची. रविवारी, भर दिवसा, पडदा न लावता. लोकांना बघू दे पँट कुठे संपते ते. तुम्ही चढलात, तर काच तुमची. नाही चढलात, तर जो चढेल त्याची."

"मोज्यांवर?"

"जाजम पांढरं आहे, काका."

त्या आठवड्यात घरी काय झालं हे मी वहिनींना खोदून विचारलं. म्हणाल्या, रोज रात्री जेवण झाल्यावर मोज्यांवर आरशासमोर उभे राहायचे, आणि मी खोलीत आले की पलंगावर बसायचे. मी म्हटलं, काहीतरी बोललात की नाही? म्हणाल्या, "सांगितलं ना मी. म्हटलं, अहो, मला तुमची उंची लग्नाआधीपासून माहीत आहे. मुलगी बघायला आलात तेव्हा बूट आमच्याच दारात काढले होते." त्यावर हा म्हणे उठून बुटांना पॉलिश करायला बसला.

रविवार उजाडला. दुकानासमोर ही गर्दी, आणि मी दाराच्या उंबऱ्यावर, म्हणजे आतलं-बाहेरचं दोन्ही कानावर. सूनबाईंनी गावभर सांगून ठेवलं होतं, आणि जिथे त्या पोहोचल्या नव्हत्या तिथे मी सांगून आलो होतो. काचेमागे ओटा मोकळा, पुतळ्या काढून कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून उभ्या. मनोरा नव्या कोटात आला. बुटांना इतकं पॉलिश की त्यात त्याचं तोंड दिसावं. मागून वहिनी, हातात पिशवी, पायात आपले नेहमीचे सपाट बूट.

तो ओट्यापाशी गेला. नाडी सोडायला वाकला. एका बुटाची नाडी सुटली. काचेपलीकडे पन्नास चेहरे होते आणि पुढच्या रांगेत त्या नऊ शिक्षिका. त्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा नाडी बांधली आणि उभा राहिला.

"अगं, तू चढ. दोऱ्या-बिऱ्या धरायला. मी बाहेरून बघतो. रचना नेहमी बाहेरूनच बघायची असते."

सूनबाई म्हणाल्या, "काका, विचार करून सांगा."

"बाहेरूनच," असं म्हणून तो ताडताड रस्त्यावर निघून गेला.

इतकी सोपी गोष्ट होती. लोकांनी दोन मिनिटं बघितलं असतं, घरी जाऊन विसरले असते. पाच फूट दीड इंचाच्या माणसाबद्दल कोण किती दिवस बोलणार? मीसुद्धा फार तर महिनाभर बोललो असतो. पण काच सोडणं त्याला परवडलं, दोन इंच सोडणं नाही.

वहिनींनी बूट काढले, बाजूला जोडून ठेवले आणि चढल्या. पुतळ्यांना हातच लावला नाही. छताच्या आकड्यांना दोऱ्या बांधल्या, त्यांवर कपडे टांगले, जाकीट, सदरा, पँट, आत माणूस असल्यासारखे. त्यांच्या बरोबर खाली जाजमावर बूट ठेवले. पँटची मोहरी आणि बूट यांच्यामध्ये चार बोटं मोकळी हवा. "हा घोटा," त्या सूनबाईंना म्हणाल्या. "इथे प्रत्येकीने आपापला घालायचा." स्कर्टखाली जाड तळाचा बूट, झग्याखाली पट्ट्यांची चप्पल. दोन दोऱ्या तिरप्या केल्या, तर पँट चालायला निघाली. काचेपलीकडे लोक हसताना आणि टाळ्या वाजवताना दिसले. चित्रकलेच्या बाई बोट दाखवून बाकीच्या आठ जणींना काहीतरी समजावून सांगत होत्या.

आणि मनोरा? मनोरा फूटपाथवर, गर्दीच्या पुढे, काचेला अगदी नाक लावून उभा होता. हातवारे करत होता. डावीकडे, जरा वर, नाही नाही, खाली. काच जाड, आतलं बाहेर आणि बाहेरचं आत काही ऐकू जात नाही. वहिनींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग तोंडात टाचण्या धरल्या आणि पाठ फिरवून झग्याचा घेर सारखा करायला लागल्या. तरी याचे हात चालूच.

मागून एक बाई पिशवी सावरत पुढे आली. तिने त्याच्या खांद्यावर टकटक केलं.

"अहो भाऊ, जरा बाजूला सरा ना. बूट दिसत नाहीत."

तो बाजूला सरला.